५८ डेसिबल म्हणजे किती टक्के बहिरेपण?

प्रश्न : आमचे आण्णा ६८ वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनी पिठाची गिरणी चालवली. गेल्या काही वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येते. नगरला तपासणी केली तेव्हा रिपोर्टवर ‘उजवा कान ५८ डीबी, डावा कान ६३ डीबी, मॉडरेटली सिव्हिअर’ असे लिहून दिले. त्याआधी एका शिबिरात तपासले होते, तिथे नुसते ‘मॉडरेट’ लिहिले होते. गावात सगळे म्हणतात, ५८ म्हणजे निम्म्याहून जास्त कान गेला. खरे किती टक्के गेला? दोन रिपोर्टांत दोन शब्द का? अपंगाचा दाखला मिळेल का? आणखी एक, आण्णांना एसटीचा हॉर्न ऐकू येतो, शनिअमावस्येला शिंगणापूरच्या रस्त्यावरचे भोंगे ऐकू येतात, पण नातीने शेजारी बसून विचारलेले कळत नाही. मोठ्याने बोललो तर ‘ओरडतोस कशाला’ म्हणून चिडतात. घरातले म्हणतात, ते सोयीचे तेवढेच ऐकतात. हे खरे असू शकते का? घरात आठ महिन्यांचे बाळही आहे. त्याचे कान तपासायचे झाले तर कसे तपासणार?
एक वाचक, सोनई (ता. नेवासा, जि. अहिल्यानगर)

उत्तर : पत्रासोबत तुम्ही आलेखाची झेरॉक्स पाठवलीत हे बरे केलेत. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या आलेखातच आहेत. पुष्कळ घरांत रिपोर्टची शेवटची ओळ तेवढी वाचली जाते आणि वरचा आलेख तसाच घडी होऊन कपाटात जातो. आपण तो उलगडून वाचू. त्याआधी दोन गोष्टी लगेच सांगून टाकतो. ५८ डेसिबल म्हणजे ५८ टक्के नव्हे. आणि आण्णा सोयीचे तेवढेच ऐकत नाहीत. त्यांचा कान त्यांना जेवढे देतो तेवढे ते ऐकतात.

टक्के का नाहीत?

मुळा धरणात किती पाणी आहे ते टक्क्यांत सांगता येते, कारण धरण भरले म्हणजे २६ टीएमसी हे ठरलेले आहे आणि रिकामे म्हणजे काय हेही ठरलेले आहे. ऐकण्याला असा ‘पूर्ण भरलेला’ आकडा नाही. शिवाय डेसिबलची पट्टी आपल्या नेहमीच्या फुटपट्टीसारखी सारख्या अंतराने चालत नाही. ती पटींनी चालते. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. २० डेसिबलला शंभरपट, ३० ला हजारपट. ० ते १२० डेसिबल हा माणसाच्या कानाचा साधारण पल्ला धरला तर अगदी हलक्या आवाजात आणि कान दुखवणाऱ्या आवाजात एक लाख कोटी पटींचा फरक पडतो. एवढा पसारा कागदावर मावावा म्हणून ही पट्टी काढली.

या हिशेबाने आण्णांच्या उजव्या कानाला आवाजाची नुसती चाहूल लागायची तर तरुण, निरोगी कानाला लागते त्याच्या सुमारे पाच-सहा लाख पट ऊर्जा लागते. हा आकडा ऐकून घाबरू नका. आवाज किती मोठा ‘वाटतो’ हे त्याच प्रमाणात बदलत नाही. ढोबळमानाने १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे एकाच ५८ चे ऊर्जेच्या भाषेत एक उत्तर येते आणि कानाला वाटण्याच्या भाषेत दुसरे. यांतल्या कुठल्याही उत्तराचे ‘इतके टक्के कान गेला’ असे भाषांतर होत नाही.

डेसिबलमधला ‘बेल’ हा टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून आला. बेल मुळात कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते आणि त्यांच्या पत्नी मेबल यांची श्रवणशक्ती लहानपणी तापात गेली होती. १९२० च्या दशकात टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी तारांमधून आवाज किती कमी होतो ते मोजायला हे एकक घेतले. कान तपासण्याचे विजेवरचे यंत्र, म्हणजे ऑडिओमीटर, हेही त्याच दशकात त्याच मंडळींच्या कारखान्यातून बाजारात आले.

शून्य कुणाचे?

आलेखाच्या वरच्या बाजूला ० लिहिले आहे. हे ० म्हणजे शांतता नव्हे. कानाचा काहीही आजार नसलेल्या तरुण माणसांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची सरासरी म्हणजे ०. म्हणूनच एखाद्या तल्लख कानाचा आकडा उणे ५ किंवा उणे १० येऊ शकतो. रिपोर्टवर उणे आकडा दिसला तर यंत्र बिघडले असे समजू नये.

हे शून्य माणसांनीच मोजून ठरवले आहे आणि ते एकदा हललेलेही आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात झालेल्या मोठ्या पाहणीवरून १९५१ चे तिथले प्रमाण ठरले. पुढे अधिक शांत खोल्यांत, अधिक काटेकोर निवड करून मोजल्यावर लक्षात आले की निरोगी कान त्याहून बराच तल्लख असतो. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण आले तेव्हा शून्य सुमारे १० डेसिबलने सरकले. म्हणजे कान तोच, पण नव्या यंत्रावर त्याचा तोटा १० डेसिबलने जास्त दिसू लागला.

तपासणीत नेमके काय झाले?

आण्णांना आवाजबंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले असतील आणि हातात बटण दिले असेल. आधी बऱ्या कानात १००० हर्ट्झचा सूर दिला जातो. हर्ट्झ म्हणजे सुराची पट्टी. आकडा लहान तर सूर खर्जातला, मोठा तर चिरका. ऐकू आला की आवाज १० डेसिबलने खाली आणतात. ऐकू येईनासा झाला की ५ ने वर चढवतात. असे वरखाली करत करत, ज्या सर्वांत कमी पातळीला निदान निम्म्या वेळा बटण दाबले जाते, ती त्या सुराची खूण. ‘१० खाली, ५ वर’ ही रीत जगभर चालते. १९४४ मध्ये ह्यूसन आणि वेस्टलेक यांनी मांडलेल्या पद्धतीला १९५९ मध्ये कारहार्ट आणि जर्गर यांनी दिलेले हे रूप आहे.

असे २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर तपासतात. त्यानंतर कानामागच्या हाडावर एक लहान कंपक टेकवून तीच तपासणी पुन्हा करतात. हेडफोनचा आवाज कानाची नळी, पडदा आणि मधल्या कानातली तीन लहान हाडे यांतून आत जातो. कंपकाचा आवाज ही सगळी वाट टाळून कवटीतून थेट आतल्या कानात पोचतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे. हाडावरचे ऐकणे चांगले आणि हेडफोनवरचे वाईट असेल तर अडथळा वाटेत आहे. मळ, पडद्याचे भोक, मधल्या कानातले पाणी, हाडाचे ताठरणे अशी कारणे मग शोधायची आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर उपचार असतो. तुमच्या झेरॉक्सवर दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून आहेत. डॉक्टरांनी ‘सेन्सरीन्यूरल’ म्हटले असेल ते यावरूनच. आपल्याकडे त्याला नसेचा बहिरेपणा म्हणतात. तीव्रता सांगणारा आकडा दोन माणसांचा एकच असू शकतो, पण एकाला कानाच्या ऑपरेशनने फरक पडेल आणि दुसऱ्याला मशीनच लागेल. म्हणून नुसता आकडा घेऊन घरी यायचे नाही, प्रकारही विचारून यायचे.

आलेख कसा वाचायचा?

हा आलेख उलटा असतो. वर ० आणि खाली १२०. खूण जितकी खाली तितके ऐकणे कमी. लाल गोल उजव्या कानाचे आणि निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. झेरॉक्समध्ये रंग गेले तरी गोल आणि फुली यांवरून कान ओळखता येतो. तुमच्या कागदावरचे आकडे असे आहेत :

५०० हर्ट्झ : उजवा ४०, डावा ४५
१००० हर्ट्झ : उजवा ५०, डावा ५५
२००० हर्ट्झ : उजवा ६०, डावा ६५
४००० हर्ट्झ : उजवा ८०, डावा ८५
८००० हर्ट्झ : उजवा ७०, डावा ७५

आता उजव्या कानाच्या पहिल्या चार आकड्यांची बेरीज करा. ४० अधिक ५० अधिक ६० अधिक ८० म्हणजे २३०. भागिले ४ म्हणजे ५७.५. तेच तुमच्या रिपोर्टवरचे ५८. डाव्या कानाची बेरीज २५०, सरासरी ६२.५, म्हणजे ६३. ज्या आकड्यावर गावात चर्चा चालली आहे तो एवढाच आहे : चार सुरांची सरासरी, तीही आवाजबंद खोलीतली.

दोन रिपोर्ट, दोन शब्द

आता शिबिराच्या रिपोर्टकडे येऊ. काही ठिकाणी अजूनही फक्त ५००, १००० आणि २००० या तीनच सुरांची सरासरी काढतात. तशी काढली तर उजवा कान ५० आणि डावा ५५ येतो. ४००० वरची सर्वांत मोठी घसरण त्या हिशेबात येतच नाही. कानाला आणखी काही झाले नाही, तरी आकडा साडेसात डेसिबलने सुधारला.

दुसरा फरक वर्गवारीचा. तीव्रतेचे वर्ग ठरवणाऱ्या शिड्या एकाहून अधिक आहेत आणि त्यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीवर आहेत. दवाखान्यांत बराच काळ चालत आलेली शिडी अशी : २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि ९१ पासून पुढे अतितीव्र. जागतिक आरोग्य संघटनेची १९९१ ची शिडी वेगळी होती. तीत ४१ ते ६० मध्यम, ६१ ते ८० तीव्र आणि ८१ पासून पुढे अतितीव्र. मध्यम-तीव्र असा वर्गच नव्हता. मग २०२१ मध्ये संघटनेने श्रवणावरचा पहिला जागतिक अहवाल काढला आणि पायऱ्या पुन्हा बांधल्या. आता २० च्या आत सामान्य. २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र, ८० ते ९५ अतितीव्र आणि ९५ पासून पुढे पूर्ण. चार सुरांची सरासरी धरायची आणि दोन कानांपैकी बऱ्या कानावरून वर्ग ठरवायचा. एकच कान गेलेल्यांसाठी वेगळा वर्गही त्यांनी केला. आधी ही माणसे ‘सामान्य’मध्येच मोजली जात.

आण्णांचा उजवा कान या शिड्यांवर ठेवून पाहा. तीन सुरांचे ५० जुन्या दवाखानी शिडीवर मध्यम. चार सुरांचे ५७.५ त्याच शिडीवर मध्यम-तीव्र. १९९१ च्या शिडीवर मध्यम, २०२१ च्या शिडीवर मध्यम-तीव्र. शिबिरातल्या डॉक्टरांचे चुकले नाही आणि नगरच्या डॉक्टरांचेही चुकले नाही. आकडा कान सांगतो. त्या आकड्याला कोणता शब्द लावायचा ते समित्या ठरवतात.

शिबिरांबद्दल मात्र एक सावधगिरी सांगायला हवी. मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या वर्गात, बाहेर लोकांचा गलका आणि डोक्यावर पंखा अशा ठिकाणी तपासणी झाली तर ५०० सारखे खर्जातले सूर त्या गोंगाटात बुडतात आणि कान आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. शिबिर संशय घेण्यापुरते चांगले. मशीन घेण्याचा किंवा दाखल्याचा निर्णय आवाजबंद खोलीतल्या तपासणीवरच घ्यावा. तपासणीआधी चौदा-सोळा तास तरी गिरणी, ट्रॅक्टर, डीजे यांपासून कान दूर ठेवावेत. मोठ्या आवाजाने कान तात्पुरता मंदावतो आणि तो मंदपणाही आलेखात उतरतो.

दाखल्याचे गणित

दाखल्यासाठी यांतली कोणतीच शिडी चालत नाही. तिथे कायदा चालतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘कर्णबधिर’ म्हणजे बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ७० डेसिबलचा तोटा असलेली व्यक्ती, आणि ‘ऐकू कमी येणारी’ म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा तोटा असलेली व्यक्ती. आण्णांचा डावा कान ६० च्या पुढे गेला आहे. उजवा ५७.५ वर, म्हणजे अडीच डेसिबल अलीकडे आहे.

टक्के खरोखर येतात ते इथे. सरकारी तक्त्यावरून प्रत्येक कानाची टक्केवारी आधी वेगवेगळी काढतात. मग बऱ्या कानाच्या टक्क्यांना ५ ने गुणतात, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवतात आणि सगळ्याला ६ ने भागतात. समजा, एका माणसाचा बरा कान ४० टक्के आणि वाईट कान ७० टक्के आहे. ४० गुणिले ५ म्हणजे २००, अधिक ७० म्हणजे २७०, भागिले ६ म्हणजे ४५ टक्के. या सूत्रात बऱ्या कानाला पाचपट वजन आहे. म्हणूनच एक कान ठणठणीत आणि दुसरा पूर्ण गेलेला असला तरी उत्तर १७ टक्क्यांच्या आतच येते. बहुतेक सवलतींना ४० टक्के ही किमान अट असल्यामुळे अशी माणसे बाहेर राहतात. रस्ता ओलांडताना गाडी कोणत्या बाजूने आली हे त्यांना कळत नसते, पण सूत्रात त्याला जागा नाही.

आण्णांच्या बाबतीत निर्णय जिल्हा रुग्णालयातील अधिकृत डॉक्टरच देतील. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करून तिथे तपासणीला जावे लागते. उत्तर काठावरचे असेल अशी मनाची तयारी ठेवा. दाखला नाकारला गेला तर ‘कानाला काही झालेले नाही’ असा त्याचा अर्थ काढू नका. जागतिक आरोग्य संघटना बऱ्या कानात ३५ डेसिबलच्या पुढच्या तोट्यालाच जगणे अडवणारा तोटा मानते, आणि आण्णांनी ती रेघ केव्हाच ओलांडली आहे. उपचाराची गरज एका ठिकाणी सुरू होते, सवलत दुसऱ्या ठिकाणी.

हॉर्न ऐकू येतो, नात का नाही?

आलेखाचा आकार पाहा. रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली आहे. खर्जातले सूर आण्णांना बऱ्यापैकी ऐकू येतात, उंच सूर फारच कमी. एसटीचा हॉर्न आणि भोंगे मुळातच प्रचंड मोठे असतात आणि त्यांचा बराच जोर खालच्या पट्टीत असतो. बोलणे मात्र दोन भागांत विभागलेले असते. आ, ओ, ऊ असे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, त, थ, ख, फ ही व्यंजने उंच पट्टीत आणि अगदी क्षीण. एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा होतो तो बहुधा व्यंजनाने. ‘सात’, ‘हात’, ‘भात’ यांतला ‘आ’ आण्णांना नीट ऐकू येतो, पहिले अक्षर निसटते. ‘भात वाढू का?’ असे विचारले तर ‘सात वाजले’ असे उत्तर मिळण्यात लबाडी काही नाही. लहान मुलांचा आवाज त्यातही बारीक. ‘आवाज येतो, शब्द कळत नाही’ ही तक्रार अशा उतरत्या रेघेच्या प्रत्येक माणसाची असते.

आण्णा चिडतात त्यालाही कारण आहे. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की हळू आवाज ऐकू येईनासा होतो, पण मोठा आवाज सहन होण्याची मर्यादा तितक्या प्रमाणात वर सरकत नाही. त्यामुळे ‘ऐकूच येत नाही’ आणि ‘कान फाटला’ यांमधली जागा अरुंद होते. तुम्ही आवाज थोडा चढवता, त्यांना ऐकू येत नाही. आणखी चढवता, तर एकदम अंगावर येतो. शिवाय ओरडताना जोर स्वरांवरच पडतो, हरवलेली व्यंजने काही परत येत नाहीत. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे, जरा सावकाश बोललात तर ओठांची हालचाल पाहून त्यांना बरेच भरून काढता येते. टीव्ही आणि मिक्सर त्या वेळी बंद ठेवा.

घरातल्यांचा संशय फेडायचा असेल तर तपासणीत शब्दांची चाचणीही करून घ्या. आरामात ऐकू येईल एवढ्या आवाजात एकेक मराठी शब्द ऐकवतात आणि किती शब्द बरोबर म्हणून दाखवले ते मोजतात. याचे उत्तर खरोखरच टक्क्यांत येते. सरासरी ५८ असलेल्या दोन माणसांपैकी एकाला जवळजवळ सगळे शब्द कळू शकतात आणि दुसऱ्याला निम्मेच. मशीनचा उपयोग किती होईल याचा अंदाज या टक्क्यांवरून येतो.

गिरणीचा हात

आलेखातली एक जागा अजून राहिली. ४००० हर्ट्झवर रेघ ८० पर्यंत खाली जाते आणि ८००० वर ७० ला परत वर येते. नुसत्या वयाने कान मंदावला असता तर ती उतरतच गेली असती. ४००० च्या आसपासचा हा खड्डा वर्षानुवर्षे मोठा आवाज सोसलेल्या कानात सापडतो. वयाचा वाटा आहेच, पण गिरणीचाही दिसतो.

कारखान्यांसाठी याचा कायदा आहे. आपल्याकडची मर्यादा आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल आहे. आवाज ५ डेसिबलने वाढला की वेळ निम्म्यावर आणायची, म्हणजे ९५ ला चार तास आणि १०० ला दोन तास. आवाजाने आलेला बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत होता. तो आढळला तर कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. सोनईसारख्या साखर पट्ट्यातल्या गावात हे नियम कारखान्याच्या फाटकाच्या आत लागू होतात. फाटकाबाहेर पिठाची गिरणी, मळणी यंत्र, वेल्डिंगचे दुकान, केबिन नसलेला ट्रॅक्टर चालवणारा माणूस स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार असतो. त्याचा कान कुणीही मोजत नाही. गिरणी आता मुलाने घेतली असेल तर त्याची पहिली तपासणी आजच करून ठेवा, आणि कानांवर इअरमफ चढवल्याशिवाय पट्टा सुरू करू देऊ नका. केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

बाळ बटण कसे दाबणार?

बाळाने बटण दाबायची गरज नाही. निरोगी आतला कान आवाज ऐकल्यावर स्वतःच एक अतिसूक्ष्म प्रतिध्वनी परत पाठवतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो मोजून दाखवला. कानात लहान बोंडी ठेवून काही मिनिटांत ही ओएई चाचणी होते. ती बाळ ‘पास’ किंवा ‘पुन्हा तपासा’ एवढेच सांगते. तीव्रता सांगत नाही. तीव्रतेसाठी बेरा चाचणी असते. बाळ झोपलेले असताना डोक्यावर तारा चिकटवून, कानात आवाज दिल्यावर नसेतून मेंदूकडे जाणारे विजेचे संकेत मोजतात. दाखल्यासाठी आलेल्या मोठ्या माणसाच्या उत्तरांबद्दल शंका आली तरी डॉक्टर हीच चाचणी सांगतात, कारण तिला फसवता येत नाही.

जन्मल्यावर पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू, हे जगभर मानलेले वेळापत्रक आहे. तुमच्या बाळाची चाळणी जन्मावेळी झाली नसेल तर ‘बोलायला लागल्यावर बघू’ म्हणत थांबू नका. जन्मजात बहिरेपणा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्यामुळे अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाकडूनही पुढे पाठवले जाते. ओएई आणि बेरासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा लोणीच्या प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. गुंतागुंत असेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून ती याच कामासाठी आहे.

आता पुढे काय?

आण्णांना श्रवणयंत्राची गरज आहे आणि दाखल्याची वाट पाहत ती पुढे ढकलू नये. मशीन घेताना बाजारात डबीत मिळणारे, सगळाच आवाज वाढवणारे यंत्र टाळा. त्यांना ५०० वर थोडी आणि ४००० वर बरीच मदत लागते. ती डिजिटल मशीन आलेखाप्रमाणे बसवूनच मिळते, म्हणून ऑडिओलॉजिस्टकडे जाताना मूळ आलेख सोबत न्या. दोन्ही कान जवळपास सारखे गेले आहेत, तेव्हा शक्य असेल तर मशीन दोन्ही कानांना घ्या. पहिले काही आठवडे भांड्यांचा आणि कागदाचा आवाज बोचतो. मशीन कपाटात ठेवून देण्याऐवजी ते पुन्हा जुळवून आणा.

एका बाबतीत मात्र थांबून चालणार नाही. एखाद्या दिवशी एका कानाचे ऐकणे अचानक, दोन-तीन दिवसांच्या आत खाली गेले तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. तो आजार वेगळा असतो आणि औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.

एरवी वर्षातून एकदा तपासणी पुरे. नवा रिपोर्ट आला की मॉडरेट, सिव्हिअर हे शब्द बाजूला ठेवा आणि दोन्ही आलेख शेजारी शेजारी धरा. एखाद्या सुरावर ५ डेसिबलचा फरक दिसला तर सोडून द्या; दोन तपासण्यांत तेवढा फरक पडतोच. एकापेक्षा जास्त सुरांवर १० किंवा त्याहून अधिक उतार दिसला, किंवा दोन कानांतले अंतर वाढत चालले, तर कान खरोखरच बदलला आहे. मग खाली कोणताही शब्द लिहिलेला असो, आण्णांना घेऊन डॉक्टरांना भेटा.